तुम्ही कॉलेजला निघालात. घरच्या दोन सापांचे काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही न्यू जर्सीत एडिसनला आईवडिलांसोबत राहता आणि ऑगस्टअखेरीस न्यूयॉर्क शहरात कॉलेजला जाणार आहात. तुमच्याकडे सहा वर्षांची, सुमारे १,३५० ग्रॅम वजनाची बॉल पायथन (लहान जातीचा अजगर) मादी आणि चार वर्षांचा कॉर्न स्नेक (बिनविषारी साप) आहे. आई सापांच्या खोलीत पाऊल टाकत नाही. बाबांना सापांचे भय नाही, पण घर शाकाहारी असल्यामुळे गोठवलेल्या उंदरांना ते हात लावणार नाहीत. हिवाळ्यात पुण्याहून आजी येते आणि तिचा मुक्काम नेमका त्याच खोलीत असतो. साप डॉर्ममध्ये गुपचूप न्यावेत, घरी ठेवावेत, की कोणाला देऊन टाकावेत, असे तीन मार्ग तुम्हाला दिसत आहेत.

मी पेन्सिल्व्हेनियातील एका विद्यापीठाच्या गावात राहतो आणि गेली सतरा वर्षे स्वतःचे साप सांभाळून सुट्टीत गावी जाणाऱ्या विद्यार्थ्यांचेही साप ठेवून घेतो. मूळचा मी सांगली जिल्ह्यातला, बत्तीस शिराळ्याच्या बाजूचा. त्यामुळे साप म्हटल्यावर आमच्या घरात कोणी खुर्चीवर चढत नसे. पण श्रद्धेने नागापुढे दुधाची वाटी ठेवणे आणि सापाला वर्षानुवर्षे निरोगी ठेवणे यांचा परस्परांशी काही संबंध नाही, हे मला इथे आल्यावर, दोन-तीन चुका करून मगच कळले.

तुमच्या प्रश्नात सगळा भर ‘खायला कोण घालणार’ यावर आहे. जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी हाच प्रश्न घेऊन येतो आणि जवळजवळ प्रत्येक वेळी ही काळजी चुकीच्या जागी असते. पूर्ण वाढलेली, अंगाने भरलेली बॉल पायथन काही महिने न खाता राहू शकते. माझ्याकडची एक मादी दर वर्षी ऑक्टोबरात तोंड फिरवते ते थेट मार्चपर्यंत. सापाला थोड्या दिवसांत अपाय होतो तो बिघडलेल्या तापमानामुळे, आणि त्याच्या खालोखाल पाण्यामुळे. म्हणून खरा प्रश्न असा मांडायला हवा : तुम्ही घरी नसताना पेटीतील उष्णता बिघडली, तर ती कोणाला कळेल, किती तासांत कळेल, आणि ज्याला कळेल त्याने काय करायचे हे आधी ठरलेले असेल का?

डॉर्मचा विषय आधी संपवून टाकू, कारण तिथे परिस्थितीनुसार बदलण्यासारखे फारसे काही नाही. बहुतेक कॉलेजांच्या वसतिगृहात लहान टाकीतील मासे सोडले तर कोणताही प्राणी चालत नाही. शिवाय न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य संहितेनुसार त्या शहरात अजगर वर्गातील साप पाळण्यास बंदी आहे आणि तुमची बॉल पायथन, आकाराने कितीही लहान असली, तरी त्या बंदीत मोडते. कॉर्न स्नेकला शहराची हरकत नाही; हरकत आहे ती वसतिगृहाची. ‘भावनिक आधार देणारा प्राणी’ असे पत्र इंटरनेटवरून विकत घेऊन वाट काढण्याचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल. सेवा-प्राणी म्हणून केंद्रीय कायदा मुळात कुत्र्यालाच ओळखतो आणि काही अटींवर छोट्या जातीच्या घोड्याला सवलत देतो. भावनिक आधाराच्या प्राण्यांबाबत केंद्राच्या गृहनिर्माण खात्याने २०२० साली जे मार्गदर्शन दिले, त्यात कासव सोडून इतर सरपटणारे प्राणी घरात सामान्यतः पाळले जाणारे प्राणी म्हणून धरलेले नव्हते. त्यामुळे विशिष्ट तोच प्राणी का हवा, हे पटवून देण्याचे ओझे मागणाऱ्यावर येत असे. ते मार्गदर्शन २०२५ साली मागे घेतले गेले, तरी असे पत्र म्हणजे हमखास परवानगी असे धरून चालू नका. गुपचूप नेण्याबद्दल एवढेच सांगतो की गुपचूप ठेवलेला साप आजारी पडला, की त्याला डॉक्टरकडे नेणेही गुपचूपच करावे लागते, आणि मग ते लांबणीवर पडते.

इतरांच्या उपयोगासाठी एक नोंद करून ठेवतो. साप चालतो की नाही हे प्रत्येक राज्यात नव्याने पाहावे लागते. अटलांटाला कॉलेजला जाणाऱ्या मुलाची स्थिती तुमच्या नेमकी उलट असते : कॉर्न स्नेक हा जॉर्जियातला स्थानिक साप असल्यामुळे तिथे तो घरी पाळता येत नाही आणि आफ्रिकेतून आलेली बॉल पायथन मात्र चालते. हवाईत कोणताच साप चालत नाही. न्यू जर्सीत साप पाळायला राज्याच्या वन्यजीव खात्याचा परवाना लागतो. तुमचा परवाना कोणाच्या नावावर आहे, तो चालू आहे का, आणि साप तुमच्या पश्चात बाबांच्या ताब्यात राहणार असतील तर त्यात काही बदल करावा लागतो का, हे खात्यालाच विचारून घ्या. कॉर्न स्नेकच्या बाबतीत हे अधिक नीट करा, कारण न्यू जर्सीच्या पाइन बॅरन्समध्ये तो रानात सापडतो आणि राज्यात धोक्यात आलेली जात म्हणून संरक्षित आहे. तुमचा साप पैदास केंद्रातून आलेला आहे, याची पावती जपून ठेवा.

आता घरी ठेवण्याकडे वळतो, कारण तुमच्या बाबतीत तेच शक्य दिसते आहे. एडिसनहून न्यूयॉर्क रेल्वेने साधारण तासाभराच्या अंतरावर आहे, ही तुमची सर्वांत जमेची बाजू. कॅलिफोर्नियाला चाललेल्या मुलाला मी वेगळे उत्तर दिले असते. तुम्ही दर दोन-तीन आठवड्यांनी शनिवारी घरी येऊ शकत असाल, तर उंदरांचा प्रश्न घरच्यांसमोर येण्याचे कारणच नाही. पूर्ण वाढलेल्या पायथनला तीन आठवड्यांनी आणि कॉर्न स्नेकला दोन आठवड्यांनी खाणे पुरते. एखादी खेप परीक्षेमुळे चुकली तरी काही बिघडत नाही. गोठवलेले उंदीर स्वयंपाकघरातील फ्रीजरमध्ये न ठेवता गॅरेजमध्ये वेगळ्या छोट्या फ्रीजरमध्ये ठेवा, ते गरम पाण्यात वितळवायचे भांडे वेगळे ठेवा आणि ते स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका. यात आईच्या भावनेचा मान राखण्याचा भाग आहेच. पण गोठवल्याने साल्मोनेलाचे जंतू मरत नाहीत आणि घरात वयस्कर माणूस येणार आहे, हे कारणही तितकेच वजनदार आहे. शनिवारी सकाळी खायला घालून रविवारी संध्याकाळी निघा, म्हणजे साप खाल्लेले ओकला तर तुम्ही तिथे असाल. आणि नेहमीपेक्षा एक आकार लहान उंदीर द्या. पोटात मोठे भक्ष्य असताना पेटी गार पडली तर पचन थांबते आणि साप ते बाहेर टाकतो. ती घाण उपसण्याचे काम बाबांच्या वाट्याला एकदा जरी आले, तरी तुमची सगळी योजना त्या दिवशी संपेल.

उष्णतेबद्दल मला जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण माझी सर्वांत वाईट चूक इथेच झाली. सुरुवातीच्या वर्षांत एका विद्यार्थ्याची बॉल पायथन माझ्याकडे होती. पेटीच्या तळाला बाहेरून हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी पातळ चटई, चिकटवलेली होती, तिला तापमान नियंत्रित करणारा थर्मोस्टॅट जोडलेला होता आणि थर्मोस्टॅटची तापमान मोजणारी तार, म्हणजे प्रोब, मी साध्या चिकटपट्टीने काचेखाली लावली होती. उष्णतेने पट्टीचा डिंक सुटला आणि प्रोब निसटून हवेत लोंबकळू लागली. खोलीची हवा थंड, म्हणून प्रोबला वाटले की पेटी थंड आहे आणि थर्मोस्टॅटने मॅटला पूर्ण वीज देणे चालू ठेवले. पडद्यावरचा आकडा ७४ अंश फॅरनहाइट दाखवत होता. मी तो पाहिला, कमी का आहे असा विचार मनात आला, आणि सकाळी बघू म्हणून झोपलो. सकाळी तिला उचलले तेव्हा पोटाचे पांढरट खवले हाताच्या पंजाएवढ्या भागात तपकिरी पडले होते. ती वाचली, पण तो भाग पूर्ववत व्हायला चार वेळा कात टाकावी लागली. पोटाखालून मिळणाऱ्या चटक्यापासून साप वेळेवर दूर सरकतोच असे नाही, आणि मनुष्य मात्र तो सरकेल असे गृहीत धरतो.

त्या दिवसापासून माझ्याकडे दोन गोष्टी बदलल्या. पहिली म्हणजे प्रोब मी अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीने बसवतो आणि तारेला वर एक वेगळा आधार देतो, म्हणजे ओढ बसली तरी टोक हलत नाही. दुसरी म्हणजे एका मॅटला एकापुढे एक असे दोन थर्मोस्टॅट जोडतो. मुख्य थर्मोस्टॅट ९० अंशांवर, म्हणजे सुमारे ३२ सेल्सियसवर, आणि दुसरा ९५ वर; पहिला बिघडून तापमान चढलेच तर दुसरा वीज तोडतो. दोघांच्या प्रोब वेगवेगळ्या पट्ट्यांनी लावायच्या, नाहीतर एकच पट्टी सुटून दोन्ही एकदम पडतील. हा आकडा पायथनच्या गरम बाजूचा आहे. तिची थंड बाजू ७८ ते ८० च्या आसपास हवी. कॉर्न स्नेकला गरम बाजूला ८५ पुरतात.

याला जोडून, वायफायवर चालणारा आणि मोबाइलवर इशारा पाठवणारा एक तापमापक प्रत्येक पेटीत ठेवा. इशारा तुमच्याकडे आला पाहिजे, बाबांकडे नव्हे. बाबांचे काम तुमचा फोन आल्यावर खोलीत जाणे एवढेच असावे. रात्री दोन वाजता वाजणाऱ्या तीन खोट्या इशाऱ्यांनंतर बाबा ते बंद करून ठेवतील, आणि त्यात त्यांची काही चूक नसेल.

एक गोष्ट आपल्या घरांमध्ये विशेष घडते. डिसेंबरात कुटुंब तीन-चार आठवड्यांसाठी भारतात जाते, आणि निघताना कोणीतरी शहाणपणाने घराची हीटिंग ५५ अंशांवर आणून ठेवते. हीट मॅट ही पेटीतील एक जागा खोलीपेक्षा थोडी अधिक गरम ठेवण्यापुरती असते. खोलीच ५५ वर गेली तर पेटीतील हवा पायथनला न सोसण्याइतकी गार होते आणि श्वसनाचा संसर्ग जडतो. तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, शिट्टीसारखा आवाज येणे, नाकपुड्यांशी बुडबुडे दिसणे ही त्याची लक्षणे. तेव्हा भारतात जाण्याचा बेत असेल त्या वर्षी साप सांभाळायला देण्याची जागा सप्टेंबरातच ठरवा. अशी जागा निवडताना मालकाला एकच विचारा : प्रत्येक सापासाठी चिमटे आणि भांडी वेगळी आहेत का? उत्तर देताना तो अडखळला, तर तिथून तुमचा साप गोचिडीसारखे बारीक किडे अंगावर घेऊन परत येण्याची शक्यता बरीच आहे.

आता बाबांचे काम. ज्याला सापाची आवड नाही, त्याच्यावर कोणतेही असे काम सोपवू नका, ज्यात सापाला हात लावावा लागेल. पेटीचे दार न उघडता जे दिसते आणि दार चार बोटे उघडून जे करता येते, तेवढेच त्यांना सांगा. माझ्याकडे आलेल्या एका विद्यार्थ्याने घरी फार चांगली युक्ती केली होती. पाण्याचे जड चिनी मातीचे भांडे त्याने दाराच्या अगदी जवळच्या कोपऱ्यात कायमचे ठेवले आणि कुंड्यांना पाणी घालायची लांब चोचीची झारी पेटीशेजारी ठेवली. त्याच्या वडिलांना दर दोन दिवसांनी दाराच्या फटीतून झारीची चोच आत घालून भांडे भरायचे असे, आणि मग दार लावून, कुलूप ओढून पाहून, कुलपाचा फोटो मुलाला पाठवायचा असे. मुलाला सापाच्या फोटोपेक्षा कुलपाचा फोटो जास्त हवा होता, आणि ते बरोबरच होते. कॉर्न स्नेक निसटण्यात पटाईत असतो. अंगठा जाईल एवढ्या फटीतून तो सहज बाहेर पडतो. आजी रात्री पाणी प्यायला उठावी आणि तिला तो वाटेत भेटावा, हे तुम्हाला नको आहे. आणि आईला तर त्याहूनही नको आहे.

म्हणून पेट्या आजीच्या खोलीतून हलवा, आणि ते ऑगस्टमध्ये न करता आत्ताच करा. तळघर सुचत असेल तर तिथे जानेवारीत किती थंडी पडते ते आठवून पाहा. वरच्या मजल्यावरची, खिडकीतून थेट ऊन न येणारी आणि जिला स्वतंत्र दार आहे अशी एखादी कोपऱ्यातील जागा उत्तम. आत्ताच हलवल्याने सापांना स्थिरावायला दोन महिने मिळतात आणि नव्या जागेत तापमान कसे वागते ते तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते.

जुलैत एकदा रंगीत तालीम करा. दहा दिवस मित्राकडे किंवा मावशीकडे जा, घरी फोन करून सूचना देण्याचा मोह टाळा आणि बाबांना सगळे करू द्या. परत आल्यावर तुम्हाला कळेल की कोणती सूचना त्यांना समजली नव्हती. माझा अनुभव असा आहे की निम्म्या घरांचा निर्णय या दहा दिवसांतच होतो, आणि तो दोन्ही बाजूंनी होतो : भिणारी आई तिसऱ्या दिवशी दारातून डोकावून साप कात टाकतोय का विचारते, किंवा उत्साही वडील चौथ्या दिवशी पाणी विसरतात.

तालीम फसली तर एक साप देऊन टाकावा लागेल, आणि तेव्हा कोणता, हा प्रश्न येईल. माझे मत तुम्हाला आवडणार नाही. सहा वर्षांच्या सहवासामुळे तुमचा जीव पायथनमध्ये अधिक आहे, हे तुमच्या लिहिण्यावरून कळते; तरीही मी कॉर्न स्नेक ठेवा असेच सांगेन. एखादी रात्र पेटी गार पडली तर तो ते सोसतो. वसतिगृह सोडून तिसऱ्या वर्षी तुम्ही भाड्याच्या घरात राहू लागलात, आणि घरमालकाची लेखी परवानगी मिळाली, तर तो तुमच्यासोबत शहरात येऊ शकतो. पायथन त्या शहरात कधीच येऊ शकणार नाही, आणि शिक्षणानंतर नोकरीही तिथेच लागली तर हा दुरावा चार वर्षांचा राहणार नाही. बॉल पायथन वीस-तीस वर्षे सहज जगते. सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयातील एक मादी १९६१ साली तिथे आली होती आणि २०२० साली, वयाच्या बासष्टाव्या वर्षाच्या सुमारास, तिने नराचा सहवास नसताना सात अंडी घातली. तुमची अजून सहा वर्षांची आहे. ती ज्याला द्याल, त्याच्या घरी जाऊन पेटी आणि थर्मोस्टॅट आधी पाहा, परवान्याबद्दल विचारा, आणि ती अगदी फुकट देऊ नका. फुकट मिळालेल्या प्राण्यासाठी माणूस चांगली पेटी क्वचितच विकत घेतो.

शेवटी एक कागद तयार करा. एकाच बाजूला, मोठ्या अक्षरात आणि बाबा ज्या भाषेत घरी बोलतात त्या भाषेत लिहा. सरपटणारे प्राणी पाहणाऱ्या जवळच्या पशुवैद्याचा क्रमांक लिहा आणि त्याच्याकडे आधीच नाव नोंदवून, बिल तुमच्या कार्डावर येईल अशी व्यवस्था करून ठेवा, म्हणजे बाबांना तिथे पैशांचा निर्णय घ्यावा लागणार नाही. वीज गेली तर काय करायचे तेही लिहा : दोन तासांपर्यंत दुसरे काही न करता फक्त पेटीवर ब्लँकेट टाकायचे, हवा आत जायला एक बाजू मोकळी ठेवायची, आणि त्याहून अधिक वेळ गेला तर तुम्हाला फोन करायचा. गरम पाण्याच्या बाटल्या थेट सापाशेजारी ठेवण्याचा उद्योग त्यांना सांगू नका. तो टॉवेलात गुंडाळून, नीट जागा पाहून करायचा असतो आणि तो तुम्ही किंवा सापांचे माहीतगार असे कोणी आले तरच करावा.

त्याच कागदावर पायथनचे आजचे वजन तारखेसह लिहा आणि दर भेटीत, खायला घालण्याआधी, तिला कापडी पिशवीत घालून वेगळ्या घेतलेल्या काट्यावर तोलून पुढचा आकडा खाली लिहीत जा. नोव्हेंबरात ती खाणे सोडेल, तुम्ही वितळवलेला उंदीर तसाच फेकून रविवारच्या गाडीने परताल आणि आठवडाभर तुम्हाला वाटत राहील की ती तुमच्या आठवणीने झुरते आहे. तसे काही नसते. दिवस लहान झाले की यातल्या बऱ्याच जणी खाणे थांबवतात. १,३५० चे १,३०० झाले तर ते हिवाळ्याचे आहे असे समजा. १,२१५ च्या खाली गेले, म्हणजे दहा टक्क्यांहून अधिक घटले, तर त्या सोमवारी तास बुडवून तिला पशुवैद्याकडे न्या.